गिऱ्हाईक जिना चढतं, कागदावर अडखळतं

गेल्या दीड वर्षात आमचं डोंबिवलीचं घर २३ जणांनी पाहिलं. आकडा नेमका आहे, कारण मी त्याची एक्सेल शीट ठेवली आहे. सॉफ्टवेअरमधल्या माणसाला दुःखसुद्धा रकान्यांत भरायची सवय असते. तारीख, एजंट कोण, किती वेळ थांबले, काय म्हणाले आणि शेवटचा रकाना : 'नकाराचं कारण'.

पहिले काही महिने हा रकाना सोपा होता. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. २३ पैकी ११ जणांनी जिन्यातच नकार दिला होता, फक्त तो वर येऊन बोलून दाखवला. चार जणांचा नंतर फोनच आला नाही. पण उरलेल्या आठ जणांना घर आवडलं होतं. स्टेशन चालत १२ मिनिटं, दोन्ही बाजूंनी वारा, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं आंब्याचं झाड. दोघांनी तर देवघर कुठे ठेवायचं तेही ठरवलं. मग त्यांनी कागद मागितले, आम्ही ते दिले आणि आठ-दहा दिवसांनी तेही गेले.

या आठांपुढे काय लिहायचं ते मला कळेना. 'कागद' असं लिहिलं, पण ते उत्तर नव्हतं. प्रोग्राम कोसळला की 'एरर आली' एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या ओळीवर आली आणि ती ओळ तिथे कुणी, का लिहिली, हे शोधावं लागतं. मी शोधायला लागलो आणि बघता बघता १९४७ सालापर्यंत पोहोचलो.

हे सगळं हौसेपोटी केलेलं नाही, हे आधी सांगतो. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. ती आठवड्यातून दोनदा खाली उतरते; एरवी भाजीवाल्याला वरूनच हाक मारते आणि दोरी बांधलेली टोपली खाली सोडते. मी पुण्यात भाड्याने राहतो. तिने तिकडे यावं असं मला वाटतं, तिला वाटत नाही. तिचं भजनी मंडळ, तिच्या मैत्रिणी, तिचा शिंपी आणि तिचा डॉक्टर इथेच आहेत. तेव्हा हे घर विकून डोंबिवलीतच लिफ्ट असलेल्या इमारतीत एक घर घ्यायचं, एवढाच बेत होता. म्हणजे आमचं घर विकलं जात नाही, याचा साधा अर्थ असा की माझी आई जिना उतरू शकत नाही.

रिकाम्या घरांचं जुनं गाव

मुंबईत कुठल्याही घराला गिऱ्हाईक मिळतं, असा आपला समज असतो. इतिहास तसं सांगत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या फोडायच्या आणि उत्तरेकडे, म्हणजे दादर-माटुंग्याकडे, मोकळ्या हवेत नवं शहर वसवायचं, हा त्याचा एक मोठा कार्यक्रम होता. आज ज्या हिंदू कॉलनी-पारशी कॉलनीतलं घर स्वप्नातही परवडत नाही, ते तेव्हाचं उपनगर होतं.

त्याहून बोलकं उदाहरण बीडीडी चाळींचं आहे. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायची योजना आखली गेली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या साधारण साडेसोळा हजार. शहरात राहायला जागा नव्हती, एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं होती, आणि तरीही यातल्या हजारो खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या पडून होत्या. भाडं कामगाराच्या पगाराला जड होतं. वरळी तेव्हा आडबाजूला होती. काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या लोकांना तुरुंगासारख्या वाटत. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा वापर सरकारने खरोखरच सत्याग्रहींना कोंडायला केला.

हे वाचून मला थोडा धीर आला. तुटवडा असलेल्या शहरातही घर पडून राहू शकतं. गिऱ्हाईक विटा-सिमेंट विकत घेत नाही. ते अंतर विकत घेतं, हप्ता विकत घेतं, उद्याची खात्री विकत घेतं. यातलं एक जरी जमलं नाही, तर भिंती कितीही पक्क्या असोत, घर पडून राहतं.

आजोबा डोंबिवलीला का आले

आजोबा लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. आजी, बाबा आणि दोन आत्या धरून पाच माणसं गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहत. भाडं इतकं कमी होतं की आजोबा ते सुट्ट्या पैशांत देत.

भाडं कमी असण्याला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसं लोटली आणि भाडी भडकली. त्यावर १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट आला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण मानायचं, असा त्याचा गाभा होता. संकटकाळापुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ मिळून अर्धशतक टिकला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता समर्थनीय राहिलेली नाहीत असं म्हटलं, आणि १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा २००० साली लागू झाला.

या कायद्याने भाडेकरूला छप्पर दिलं, यात शंका नाही. तो नसता तर आजोबांसारख्यांना गिरगावात पाय ठेवता आला नसता. पण भाड्यातून काही सुटत नाही म्हटल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली आणि भाड्याने द्यायला नवी इमारत बांधण्यात कुणाला रस उरला नाही. मग पैसा असलेल्यांनी वेगळी वाट काढली. बांधायचं, पण भाड्याने द्यायचं नाही, विकायचं. आणि अख्खी इमारत नाही, एकेक ब्लॉक विकायचा. ज्याला आपण सहज 'ओनरशिपचा फ्लॅट' म्हणतो, ती गोष्ट मुंबईत १९५० च्या दशकात अशी फोफावली. 'ओनरशिप' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की जुन्या डोंबिवलीकरांच्या तोंडी अजूनही 'ओनरशिपमध्ये राहतो' असंच येतं.

१९७९ मध्ये आजोबांनी हे घर ३८ हजार रुपयांना घेतलं. पैसे कसे उभे केले हे घरात अनेकदा सांगून झालं आहे. गिरगावची खोली सोडताना पागडीतला वाटा मिळाला; तेव्हा पागडी घेणं कायद्याने गुन्हा होता आणि सर्रास चालत होतं. प्रॉव्हिडंट फंडातून थोडे काढले. आजीच्या पाटल्या गेल्या. बाकीची रक्कम हप्त्याहप्त्याने बिल्डरला रोख दिली. बँक या गोष्टीत कुठेच नव्हती, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

आजोबा एकटे नव्हते. गिरगाव, दादर, परळ इथून मराठी मध्यमवर्ग लोकलच्या मार्गाने उत्तरेला आणि पूर्वेला सरकत होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर तर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशी पसरली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, म्हणजे आमच्या इमारतीपेक्षा चार वर्षांनी लहान. आधी लोक आले, मग इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या मोजणारं, तपासणारं शहर सगळ्यात शेवटी आलं.

सातबारा काय म्हणतो

आठांपैकी पहिल्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने विचारलं, "जमीन सोसायटीच्या नावावर आहे का?" मी म्हटलं, असेलच. सोसायटी १९८४ ला नोंदवली आहे, सर्टिफिकेट आहे, दर वर्षी सभा होते, चहा-वेफर्स असतात.

त्या रात्री मी मोबाइलवर महाभूलेखची साइट उघडली, सर्व्हे नंबर टाकला आणि आमच्या इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा पाहिला. त्यावर सोसायटीचं नाव नव्हतं. बिल्डरचंही नव्हतं. एका स्थानिक शेतकरी कुटुंबातल्या ११ जणांची नावं होती. ज्या जमिनीवर मी क्रिकेट खेळलो, पहिली सायकल चालवली, ती आजही सरकारी कागदावर त्यांची आहे.

यात त्या कुटुंबाने काही लबाडी केली असं समजू नका. डोंबिवलीच्या आसपासची जमीन भातशेतीची. १९४८ चा कूळकायदा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ चा 'कृषक दिन' यामुळे कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली. ही मालकी मोलाची होती, म्हणून कायद्याने तिला कुंपणही घातलं. कुळाला मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. शेतजमीन बिगरशेतकऱ्याने घ्यायची नाही. घरं बांधायची तर बिगरशेती परवाना घ्यायचा. कसणाऱ्याची जमीन पुन्हा सावकाराच्या घशात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

त्यात १९७६ ला नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला, ज्याला सगळे 'यूएलसी' म्हणतात. मुंबईसारख्या शहरात एका व्यक्तीकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन नको, पुण्यात १,००० पेक्षा जास्त नको, अशा मर्यादा होत्या. जास्तीची जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांना घरं मिळावीत, हा उद्देश. प्रत्यक्षात मोठ्या जमिनी वर्षानुवर्षं सवलतीच्या अर्जांत आणि कोर्टात अडकल्या. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला, महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात.

आता १९७० च्या दशकातल्या एखाद्या छोट्या बिल्डरच्या जागी स्वतःला ठेवा. जमीन सरळ विकत घ्यायची तर एवढी कुंपणं. मग तो जमीन विकत घेतच नाही. शेतकऱ्याशी विकसनाचा करार करतो, कुलमुखत्यारपत्र घेतो, त्याच्या जोरावर इमारत बांधतो आणि ब्लॉक विकून मोकळा होतो. शेतकऱ्याला पैसे मिळाले, बिल्डरला नफा मिळाला, आजोबांना घर मिळालं. फक्त जमीन जिथे होती तिथेच राहिली. आजोबांच्या करारावर पाच रुपयांचा स्टॅम्प आहे आणि तो रजिस्टर केलेला नाही. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

कायदा होता

इथपर्यंत मला वाटत होतं की हा सगळा कायद्याच्या आधीचा गोंधळ असेल. तसं नाही. या शोधात सगळ्यात जास्त राग मला याचाच आला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर तीनच वर्षांत, १९६३ मध्ये, विधिमंडळाने महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट केला. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'मोफा' म्हणतात. त्याच्या प्रस्तावनेतच स्पष्ट लिहिलं आहे की घरांच्या टंचाईमुळे फ्लॅटच्या विक्रीत गैरप्रकार होत आहेत आणि ते वाढत आहेत. कायदा तपशिलात शिरणारा आहे. बिल्डरने जमिनीवरचा हक्क उघड करावा. मंजूर नकाशे दाखवावेत. लेखी करार होण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ नये. करार रजिस्टर करावा. पुरेसे लोक झाले की सोसायटी स्थापन करावी. आणि शेवटी जमीन व इमारत दोन्ही सोसायटीच्या नावावर करून द्यावीत. या शेवटच्या पायरीला 'कन्व्हेयन्स' म्हणतात, मराठीत अभिहस्तांतरण. करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हावं, असा नियम आहे.

आमच्या सोसायटीला चार महिन्यांची मुदत मिळाली होती १९८४ ला. आता ४० वर्षं उलटून गेली.

असं का झालं? कायदा मोडल्यास शिक्षेची तरतूद होती. पण तक्रार कुणी करायची? ज्याने घर दिलं त्या बिल्डरवर खटला भरायला १६ बिऱ्हाडांकडे वेळ नव्हता, पैसा नव्हता आणि खरं सांगायचं तर गरजही वाटत नव्हती. घरात राहायला येतंय, पाणी येतंय, वीजबिल आपल्या नावावर येतंय. बिल्डरला मात्र थांबण्यात फायदा होता. जमीन आपल्या हातात ठेवली तर उद्या चटईक्षेत्र वाढलं की ते वापरता येईल, मोकळा कोपरा विकता येईल. आमचे सेक्रेटरी काका, जे मी शाळेत असल्यापासून सेक्रेटरी आहेत, ते म्हणाले, "अरे, बिल्डर भला माणूस होता. गणपतीला यायचा. त्याच्याकडे कागद मागायचे म्हणजे आपणच अविश्वास दाखवल्यासारखं." बिल्डर १९९६ ला वारला. त्याची मुलं कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही.

काकांच्या वाक्यावर मी आधी चिडलो, मग गप्प झालो. त्यांची पिढी माणसावर विश्वास ठेवून जगली, आणि त्यांच्यापुरता तो खोटाही ठरला नाही. ४५ वर्षं कुणी त्यांना घराबाहेर काढलं नाही. अडचण आली ती घर दुसऱ्याला द्यायची वेळ आल्यावर. ओळख, लोभ, गणपतीची आरती या गोष्टी विक्रीच्या करारात लिहून देता येत नाहीत.

खरं गिऱ्हाईक कोण

आजोबांच्या व्यवहारात बँक नव्हती असं मी वर म्हटलं. गृहकर्जासाठीच निघालेली एचडीएफसी १९७७ ची. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ सामान्य माणूस घर घ्यायचा तो फंड, दागिने, नातेवाईक आणि ऑफिसची क्रेडिट सोसायटी यांच्या जिवावर. पैसे त्याचे होते, म्हणून धोका किती पत्करायचा हेही तोच ठरवायचा.

आमच्या घराला जे आठ लोक 'हो' म्हणाले, ते सगळे तिशीच्या आसपासचे, माझ्यासारखेच पगारदार. किमतीचा मोठा भाग कर्जातून येणार. म्हणजे घर पाहायला येतो एक आणि विकत घेते दुसरीच. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने आमचा आंबा पाहिलेला नाही. त्याच्यासमोर यादी असते : रजिस्टर झालेला मूळ करार आहे का, तिथपासून आजपर्यंतची साखळी सलग आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, कन्व्हेयन्स झालं आहे का, इमारतीला ३० वर्षं उलटली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट कुठे आहे. काही बँका एखाद्या कमतरतेकडे काणाडोळा करतात. पण आमच्याकडे एकच कमतरता असती तर ना.

आणि समोर स्पर्धा आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानंतर नव्या प्रकल्पाची माहिती मोबाइलवर दिसते. नोंदणी क्रमांक, मंजुरी, जमिनीवरची मालकी, ताबा कधी मिळणार, सगळं. त्याच पैशांत स्टेशनपासून रिक्षाने अर्धा तास लांब, पण लिफ्ट, पार्किंग आणि कर्ज झटपट मंजूर. माझ्याच वयाच्या एका गिऱ्हाइकाने फोनवर प्रामाणिकपणे सांगितलं, "घर तुमचंच छान आहे हो. पण बँक नाही म्हणते." मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पुण्यात मी घरं बघतो तेव्हा तेच करतो.

थोडक्यात, घर बदललेलं नाही, खात्रीची व्याख्या बदलली. १९७९ मध्ये शेजारी कोण आहे यावर घर पक्कं ठरायचं. आता पीडीएफवर ठरतं.

धाकट्या आत्याचा प्रश्न

पाचव्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने एक नवीच गोष्ट काढली. घर आजोबांच्या नावावर होतं. ते १९९८ ला गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. सोसायटीत बाबांचं नॉमिनेशन होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर झालं. आम्ही समजत होतो, घर बाबांचं झालं. वकील म्हणाले, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर घर सगळ्या वारसांचं, म्हणजे तुमच्या दोन्ही आत्यांचंसुद्धा.

मुलींना हक्क २००५ ला मिळाला, असं बरेच जण म्हणतात. मीही तेच ऐकलं होतं. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबद्दल आहे. बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला मुलाइतकाच वाटा हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासूनच दिलेला आहे. आजोबांनी घर घेतलं तेव्हा हा कायदा २३ वर्षांचा होता. आमच्या घरात तो कुणी उच्चारला नाही, एवढंच.

मी हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन दोघींकडे गेलो. नाशिकच्या मोठ्या आत्याने चष्मा शोधला आणि सही केली. ठाण्याच्या धाकट्या आत्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "हक्क सोड म्हणतोस. हक्क होता, हेच मला आज पहिल्यांदा कळतंय."

मी काहीच बोललो नाही. ती पुढे म्हणाली की १९७९ मध्ये ती २२ वर्षांची होती, फोर्टात टायपिस्ट होती, आणि दोन वर्षं तिचा अख्खा पगार बिल्डरच्या हप्त्यात गेला. हप्त्यांच्या पावत्या आमच्याकडे आहेत. सगळ्या आजोबांच्या नावावर आहेत. पाटल्यांची गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली. पगाराची एकदाही ऐकली नव्हती.

मी मसुदा परत पिशवीत टाकला. आई म्हणाली, "तिचं बरोबर आहे. मलाही ठाऊक होतं, पण विषय कधी निघाला नाही." घर विकलं गेलं की तिचा हिस्सा तिला द्यायचा, असं आम्ही तिघांनी लिहून ठेवलं आहे. त्यामुळे आईच्या नव्या घराचं गणित बिघडलं आणि माझ्या कर्जाचा आकडा वाढला. पण जमिनीचे कागद दुसऱ्याने अडवले म्हणून मी वर्षभर त्रागा करत होतो, आणि आमच्या घरातही कुणाचं तरी अभिहस्तांतरण राहून गेलं होतं.

१६ पिशव्या

तर आता काय?

२००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, आलं. बिल्डर किंवा जमीनमालक कन्व्हेयन्स करून देत नसेल, सापडत नसेल किंवा हयात नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते संबंधितांना नोटिसा काढतात, सुनावणी घेतात आणि हक्क पटला तर तसं प्रमाणपत्र व आदेश देतात. त्या आधारे दस्त नोंदवून जमीन सोसायटीच्या नावावर करता येते. ४५ वर्षांची चूक एका झटक्यात मिटत नाही, पण निदान दार तरी आहे.

हा अर्ज एकट्या फ्लॅटधारकाला आपल्यापुरता करून चालत नाही. सोसायटीचा ठराव लागतो आणि सभासदांचे करार लागतात. म्हणून गेले तीन महिने मी दर शनिवारी पुण्याहून येतो आणि एकेका घराची बेल वाजवतो. प्रत्येक घरात एक पिशवी असते. कुणाची साडीच्या दुकानाची, कुणाची बँकेच्या कॅलेंडरची, एकाची तर शाळेचं जुनं दप्तर. कुणाचा करार वाळवीने खाल्लाय. दोघांनी १९९० नंतर घर घेतलं तेव्हा मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेलं नाही, तर ते आता दंडासकट भरावं लागेल म्हणून घाबरले आहेत. पहिल्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "हे केलं की रिडेव्हलपमेंट होणार ना? लिफ्ट येणार ना?" मी खोटं सांगत नाही. जमीन आपल्या नावावर नसेल तर चांगला विकसक सहसा पुढे येत नाही, आणि वाढीव चटईक्षेत्रावर दुसराच कुणी हक्क सांगू शकतो, एवढं सांगतो.

१६ पैकी ११ पिशव्या आल्या आहेत. सेक्रेटरी काकांनी आपली सगळ्यात शेवटी दिली. त्यात करारासोबत बिल्डरने १९८४ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पत्र होतं : कन्व्हेयन्सचं काम लवकरच करून देतो, काळजी नसावी. काका म्हणाले, "हे मी जपून ठेवलं होतं. वाटायचं, उपयोगी पडेल." वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, पडेल.

तुमच्या घरीही अशी पिशवी असेल. घर विकायचं नसलं तरी एखाद्या रविवारी ती उघडा. करार रजिस्टर झालेला आहे का, जमीन कुणाच्या नावावर आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि आजोबा-आजींनंतर नावं लावताना कुणाचं राहून गेलं, एवढं बघा. ज्यांना यातलं ठाऊक आहे ती माणसं अजून आहेत तोवर बघा. सातबारा मोबाइलवर दिसतो. आत्याचा पगार दिसत नाही.

एक्सेल शीटमधला शेवटचा रकाना मी अजून रिकामा ठेवला आहे. चोविसावं गिऱ्हाईक बोलावलेलं नाही. आईसाठी तूर्तास गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर एक खोली भाड्याने बघितली आहे, ११ महिन्यांच्या करारावर. करार मी स्वतः वाचला, रजिस्टर करून घेतला. आई म्हणाली, "एवढ्याशा खोलीसाठी एवढे कागद?" मग तिने सही केली आणि टोपलीची दोरी सोडवून ठेवायला गेली.